कपाट क्रमांक चारमधील कासवाला दोन तास वीज जोडू देण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
जप्त वस्तू व उपकरणे तपासणी कार्यालय,
बोर्ज तलमीन.

विषय : आपल्या कपाट क्रमांक ४ मध्ये सीलबंद असलेल्या माझ्या यंत्राला गुरुवार, दि. १५ मे पूर्वी दोन तास वीज जोडू देण्याबाबत (अर्ज सातवा).

संदर्भ : १) जप्तीची पावती, दि. २ एप्रिल २०२५.
२) माझे यापूर्वीचे सहा अर्ज.
३) आपल्या स्वतःच्या सहीचे एकमेव उत्तर, दि. ८ मे २०२५.

महोदय,

मागील सहा अर्जांच्या सुरुवातीला मी आपली, आपल्या घरच्यांची आणि आपल्या प्रकृतीची खुशाली विचारली होती. पाच अर्जांना आपल्या सहीचे काहीच उत्तर आले नाही आणि सहाव्याला जे आले त्यावरून आपण खुशाल आहात हे कळले. म्हणून या वेळी सरळ मुद्द्यावर येते.

१. मी, मब्रूका बलबाली, राहणार क्सर तिंजेरात, तंत्रसंस्थेत शिक्षिका. माझे यंत्र आपण २ एप्रिलला जप्त केले. त्याच्या पोटातली छोटी बॅटरी येत्या गुरुवारी संपेल. ती संपली की यंत्राला जे येते ते सगळे पुसले जाईल, आणि पुन्हा शिकवायला आता माणूस उरलेला नाही. मग शनिवारी, १७ मे रोजी, माझा मामेभाऊ स्लिमान त्या यंत्राच्या जागी स्वतः बोगद्यात उतरेल. तो परत वर येईल असे गावात कुणाला वाटत नाही, त्याच्या आईला तर नाहीच. यंत्र सोडा अशी मागणी मी चौथ्या अर्जापासून सोडून दिली आहे. आता मागणी फक्त दोन तासांच्या विजेची आहे. यंत्र जिवंत आहे एवढे कळले तरी आमच्या गावच्या वडीलधाऱ्यांची पंचायत, आमची जमाअत, स्लिमानला थांबवणार आहे, आणि आम्ही निम्म्या पाण्यावर उन्हाळा काढू.

२. आपण किनाऱ्याकडचे. आपल्या टेबलामागे समुद्राचे चित्र आहे ते मी सहा वेळा पाहिले आहे. म्हणून हे सांगावे लागते. आमच्याकडे पाऊस पडला तर लोक त्याची तारीख लक्षात ठेवतात. आमचे पाणी जमिनीखालून येते, पठाराच्या पोटातून निघून बागांपर्यंत जाणाऱ्या सहा किलोमीटरच्या बोगद्यातून. त्याला फोगारा म्हणतात. माणसाला त्यात ताठ उभे राहता येत नाही. दर पंधरा पावलांवर वर उजेडापर्यंत एक झरोका आहे, तेवढाच वारा. खाली बागांपाशी दगडात कोरलेल्या फणीच्या दात्यांमधून पाणी वाटले जाते आणि प्रत्येक घराचा वाटा बोटांनी मोजला जातो. छताची माती पडली की पाणी अडते आणि कुणीतरी आत जाऊन ती काढावी लागते. माझ्या आठवणीत असे आत गेलेले चौघे पांढऱ्या कापडातच बाहेर आले. पाचवे माझे मामा बा बरका होते, आणि ते दरवेळी शिव्या देत, धुळीने माखून, स्वतःच्या पायांनी बाहेर आले. एकेचाळीस वर्षे.

३. मामा कसे वाचले ते आपल्या तपासाला उपयोगी आहे, म्हणून लिहिते. ते कुदळीच्या दांड्याने छतावर टकटक करत आणि ऐकत. कुठली वीतभर माती दहा वर्षे टिकेल आणि कुठली खोकल्यानेही खाली येईल, हे त्यांना आवाजावरून कळे. हा कान त्यांनी आपल्या बापाकडून घेतला होता. स्लिमानला तो आला नाही. मामा त्याला सगळ्यांसमोर म्हणत, "या माझ्या पोराला अल्लाहने कान दिलेत ते फेटा अडकवायला." स्लिमान हसून घेई. तो उत्तम सुतार आहे, खजुराची रोपे त्याच्या हाताला लागतात, चार माणसांचे ओझे एकटा उचलतो, पण पोकळ माती आणि भरीव माती त्याला सारखीच वाजते. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मामांच्या छातीचा फोटो काढला. दोन्ही फुप्फुसांत धूळ भरलेली होती. डॉक्टर म्हणाले, फार दिवस नाहीत. त्या आठवड्यात मी यंत्र बांधायला घेतले.

४. यंत्राबद्दल. ते कासवाएवढे आहे. गावातली पोरे त्याला कासवच म्हणतात आणि मीही तेच लिहिणार आहे, कारण आपल्या पावतीवरचे "चाके व एक डोळा असलेली, हेतू संशयास्पद असलेली वस्तू" हे नाव दरवेळी लिहायला माझ्याकडे तेवढे आयुष्य नाही.

साध्या यंत्रात हिशेब एका जागी होतो आणि आठवण दुसऱ्या जागी असते. प्रत्येक बारीक गोष्टीसाठी इकडून तिकडे हेलपाटे घालण्यातच त्याची बहुतेक वीज संपते. आपले कार्यालयही याच पद्धतीने चालते, तेव्हा हे आपल्याला लगेच समजेल. असे यंत्र फोगाऱ्यात चालत नाही. तिथे रेडिओची लहर पोहोचत नाही, तार सोडली तर दगडांत अडकते, आणि मोठी बॅटरी लादली तर कासवाचे गाढव होऊन ते बोगद्यात शिरत नाही. म्हणून ठरवायचे ते त्याने तिथल्या तिथे, स्वतःच्या डोक्याने, मनगटी घड्याळाला पुरेल एवढ्या विजेवर ठरवले पाहिजे. यासाठी मी माणसाच्या मेंदूच्या धर्तीवरची चिप वापरली. करंगळीच्या नखाएवढी आहे. तिच्यावर चार हजार बारीक पेशी कोरल्या आहेत. त्या एरवी गप्प असतात, आणि काही घडले, आवाज झाला, खडा पडला, तरच शेजारच्या पेशीला ठिणगी देतात. जी ठिणगी वारंवार जाते तिची वाट रुळते, जी जात नाही तिची बुजते. यालाच त्याचे शिकणे म्हणायचे. त्याच्या आत आज्ञांची यादी नाही. हे मी दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या अर्जात चित्रे काढून सांगितले आहे.

या रुळलेल्या वाटा टिकायला थेंबभर वीज सतत लागते. ती देणारी वेगळी छोटी बॅटरी ईदच्या दिवशी, ३१ मार्चला, पूर्ण भरली होती. ती दोन तासांत भरते आणि पंचेचाळीस दिवस पुरते. वाटांची नक्कल करून दुसऱ्या चिपमध्ये का ठेवली नाही, असे आपण विचाराल असे मला दीड महिना वाटत होते. आपण विचारले नाही, तरी सांगते. कोणत्याही दोन चिप तंतोतंत सारख्या घडत नाहीत, भावंडे घडत नाहीत तशा. एकीच्या वाटा दुसरीत ओतून मी पाहिल्या. ते दुसरे कासव दिवसभर भिंतीवर डोके आपटत बसले.

५. कासवाला मामांनी अकरा महिने शिकवले. छातीत धूळ भरलेला माणूस पोटावर सरपटत, आणि कासव त्याच्या खांद्याशी. मामा छतावर टकटक करत, कासव आपल्या लोखंडी बोटाने तेच करी. पोकळ आवाजाखाली ते पुढे सरकले की मामा त्याच्या शेपटीचा पट्टा खेचत आणि ओरडत, "अरे गाढवा, छत बोलतंय, ऐकू येत नाही का तुला!" बरोबर थांबले की पाठीवर थोपटत. मी वर झरोक्याशी बसून ऐकत असे. पहिल्या चार महिन्यांत थोपटणे फार थोडे झाले आणि शिव्या मात्र मी कधी न ऐकलेल्याही ऐकल्या. आमच्या फोगाऱ्याची एक रीत आहे. वरचा माणूस झरोक्याच्या दगडावर दोनदा टकटक करतो, आणि आतल्याने त्या आवाजाकडे सरकून आपण जिवंत आहोत हे कळवायचे. मामांनी कासवाला तीही लावली.

अकराव्या महिन्यात एका दुपारी मामा वर आले. पाणी प्यायले, पुन्हा प्यायले. मग म्हणाले, "आज ते थांबलं आणि मी नव्हतो थांबलो. पट्टा माझ्या मनगटाला होता म्हणून मला हिसका बसला. हातभर पुढं सगळं छत खाली आलं." त्या दिवसापासून मामा त्याला गाढव म्हणेनासे झाले आणि पोरा म्हणू लागले. स्लिमान माझ्या कानाशी म्हणाला, "चाळीस वर्षांत मला एकदा नाही म्हटलं असं लाडानं." पण त्याचा चेहरा मी पाहिला, त्यालाही बरेच वाटले होते.

६. आता माझी चूक. २ एप्रिलला, ईदची सुट्टी संपल्यावर, मी कासव किरकोळ दुरुस्तीसाठी संस्थेत नेत होते. नाक्यावरच्या जवानाने विचारले, "हे चालवतं कोण?" मी म्हणाले, "कुणी नाही. ते स्वतः ठरवतं." तिथेच भाच्याचे खेळणे आहे असे म्हणाले असते तर दोन खजूर घेऊन त्याने मला जाऊ दिले असते. आम्हा तिंजेरातच्या लोकांचा हा दोषच आहे. पाणी बोटांनी मोजून वाटणाऱ्या गावात खोटे बोलणारा टिकत नाही, त्यामुळे गावाबाहेर कसे वागावे हे आम्हाला कळत नाही. जवानाने "स्वतः ठरवतं" हे शब्द वहीत जसेच्या तसे लिहिले, आणि आजवर आपल्या सगळ्या फायलीत तेवढे एकच वाक्य खरे आहे.

७. यानंतर आपल्या कार्यालयाने मला जे सांगितले ते क्रमाने देते.

प्रथम, यंत्राला दिलेल्या आज्ञांची छापील प्रत मागितली. आज्ञा नाहीत असे मी कळवले. तर आपल्या विभागाचा शेरा आला की "अर्जदार माहिती दडवत आहे." मग मी चिपचे पूर्ण नकाशे आणले, दोनशे बारा पाने. आपले कारकून सी लखदर यांनी ती चाळली, उलटी धरली, पुन्हा सुलटी धरली आणि म्हणाले, "लाल्ला मब्रूका, यात तर नुसत्या रेघा आहेत. साहेबांना वाक्यं लागतात." मी म्हणाले, वाक्ये नाहीतच. ते म्हणाले, "मग तुम्ही चार लिहून आणा की. कुणाला कळतंय?" सी लखदर यांच्यावर माझा राग नाही. आपल्या कार्यालयातला तो एकटा माणूस आहे ज्याने मला बसायला खुर्ची दिली. पण खोटी वाक्ये लिहून आणण्याचा सल्ला देणारे कार्यालय खऱ्या वाक्यावर संशय घेते, हे नोंदवून ठेवते.

नंतर, आपल्याकडून असा कागद आला की "यंत्र शिकलेले असल्यास शिकवणाऱ्याचा परवाना व शैक्षणिक प्रमाणपत्र सादर करावे." मामा अंगठा उठवतात. म्हणजे उठवत असत. मी तो कागद त्यांना वाचून दाखवला तेव्हा ते इतके हसले की खोकल्याची उबळ थांबेना. म्हणाले, "त्याला लिही, एकेचाळीस वर्षं आत जातोय आणि अजून जिवंत आहे, हाच माझा परवाना." मी तसे लिहिले. तिसऱ्या अर्जात आहे. त्यावर आपण मामांना समक्ष हजर राहण्याची नोटीस काढली.

८. २० एप्रिल. रविवार. हा दिवस मी आपल्याला विसरू देणार नाही.

ज्या माणसाला अंगणापर्यंत चालायला भिंतीचा आधार लागत होता त्याला स्लिमानने गाडीच्या मागच्या बाजूला गादी टाकून एकशे चाळीस किलोमीटर आणले. मामांनी नवा फेटा बांधला होता. म्हणाले, सरकारी माणसासमोर जायचे तर नीट दिसले पाहिजे. सकाळी आठ ते दुपारी दोन ते आपल्या ओसरीतल्या बाकावर बसले. आपण बैठकीत होता. बैठकीचा विषय दारावर लावलेला होता, वाळवंटी प्रदेशात नव्या तंत्राला उत्तेजन कसे द्यावे. दोन वाजता शिपायाने येऊन सांगितले, पुढच्या रविवारी या. मामांनी वाद घातला नाही. ते उठले, आणि कपाट क्रमांक ४ वरून जाताना त्यांचा हात आपोआप दारावर गेला. दोनदा टकटक. एकेचाळीस वर्षांची सवय.

आतून खरखर झाली. कासव आवाजाकडे सरकले आणि दाराला टेकले.

मामांनी दारावर तळहात ठेवला. म्हणाले, "आहेस का रे पोरा? आहे. आहे अजून." मग सी लखदरकडे वळून म्हणाले, "बाबा, कोंडलंय ते कोंडा, तुमचा हुकूम असेल. पण त्याला उपाशी ठेवू नका." एवढे बोलून ते स्लिमानच्या खांद्याला धरून निघाले. पायरीवर दोनदा थांबले. महोदय, त्या दिवशी त्या इमारतीत एवढाच एक शहाणा माणूस बोलला, आणि आपण भिंतीपलीकडे होता.

९. दुसऱ्या दिवशी आपल्या कार्यालयाचा अहवाल निघाला. त्याची प्रत मला मिळाली. "जप्त वस्तूने आतून दार फोडून पलायनाचा प्रयत्न केला. इसम बरका याने बाहेरून इशारा दिला." कपाटाला दुसरे सील आणि साखळी लागली. त्या आठवडाभरात अहवालात पलायनाचे आणखी दहा प्रयत्न नोंदले गेले. सगळे सकाळी साडेदहा आणि दुपारी तीनच्या सुमारास. ही आपल्या कर्मचाऱ्यांची चहाची वेळ आहे. मी विचारल्यावर सी लखदर खाली बघत म्हणाले, "पोरं टकटक करून बघतात हो. मजा वाटते त्यांना, आतनं उत्तर येतं म्हणून." म्हणजे आपली माणसे कासवाला हाक मारतात, ते बिचारे शिकवल्याप्रमाणे उत्तर देते, आणि त्या उत्तराला आपण गुन्हा म्हणून तारीख टाकता. अकराव्या प्रयत्नानंतर चाकांची बॅटरी संपली. आता ते सरकत नाही. पोरांची मजा गेली. आत फक्त ती छोटी बॅटरी थेंबथेंब पुरवते आहे.

वीज जोडण्याची विनंती केली तेव्हा आपल्या विभागाने तोंडी सांगितले की जप्त वस्तूला शासकीय वीज देण्याची तरतूद नाही. मी माझी बॅटरी आणते म्हणाले, तर बाहेरची वीज इमारतीत आणायला सुरक्षेची मनाई आहे. मी विचारले, कपाट ढकलून दाराबाहेर घेतले तर? तर कपाट हलवण्याचा अधिकार दुसऱ्या खात्याकडे आहे. त्या खात्यात गेले. त्यांनी सांगितले, कपाट त्यांचे आहे, पण आतल्या वस्तूसकट ते त्यांचे नाही. चार दिवस मी दोन मजल्यांमध्ये खेटे घातले. उंटावरून शेळ्या हाकणारे मी आमच्या भागात पाहिले आहेत, पण त्यांच्याकडे निदान उंट असतो आणि शेळ्याही असतात.

१०. बा बरका २९ एप्रिल रोजी वारले. शेवटच्या दिवशी त्यांनी स्लिमानला जवळ बोलावले आणि जमाअतच्या वडीलधाऱ्यांसमोर त्याच्याकडून वचन घेतले की कासव परत येईपर्यंत तो आत उतरणार नाही. पण पुढे असेही म्हणाले की कासवच राहिले नाही, तर पाणी कुणीतरी आणले पाहिजे आणि ते आमच्याच घराने आणले पाहिजे. तीनशे माणसांचे पाणी आहे. वचन असे दोन बाजूंचे आहे, आणि त्याची दुसरी बाजू गुरुवारी लागू होते. स्लिमानने आपल्या बापाची कुदळ धुऊन दाराशी ठेवली आहे. मी त्याला म्हणाले, तुला ऐकू येत नाही, तू कशावर जाणार? तो म्हणाला, "बाबांना तरी पहिल्या दिवशी कुठं येत होतं?" त्याला मी काय उत्तर द्यावे हे आपण मला कळवावे. आपल्याकडे प्रत्येक गोष्टीचा नमुना असतो, याचाही असेल.

४ मे रोजी आपल्या कार्यालयाची दुसरी नोटीस आली, मामांच्या नावाने. "गैरहजर राहिल्यास कारवाई करण्यात येईल." त्यांचा मृत्यूचा दाखला मी २ मे रोजीच दिला होता. कारवाई करायचीच असेल तर जागा दाखवायला मी तयार आहे, गावाच्या पूर्वेला आहे, माती अजून ताजी दिसते.

११. आणि मग ८ मेचे आपले उत्तर. सहा अर्जांनंतर, आपल्या स्वतःच्या सहीचे, पहिले. ते माझ्यासमोर आहे आणि मी ते इथे उतरवते, म्हणजे आपण नाही म्हणायला नको. "सदर वस्तूतील वीज पूर्णपणे संपल्यावर ती निरुपद्रवी ठरेल व तत्काळ मालकास परत करण्यात येईल. तोवर अर्जदाराने सहकार्य करावे."

हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला वाटले माझीच वाचण्यात चूक होते आहे. म्हणून स्लिमानला वाचायला दिले. त्याने वाचले, घडी केली आणि परत दिली. म्हणाला, "म्हणजे मेलं की देतात."

होय, महोदय. मेले की देतात. ज्या वस्तूत काहीच उरलेले नाही ती ठेवायला आपल्याला कपाट कमी पडते आणि जिच्यात एका माणसाचे एकेचाळीस वर्षांचे ऐकणे आहे तिला दोन सीले आणि वर साखळी लागते. आपल्याला त्या यंत्राची भीती वाटते ते त्याला येत असलेल्या गोष्टीमुळे, हे आपल्याच सहीने सिद्ध झाले. मला सांगा, छत पडणार आहे हे आधी कळणे यात राज्याला धोका कोणता? मी या प्रदेशात जन्मले, ओरानला शिकले, बाहेरच्या तीन देशांतून बोलावणे आले ते नाकारून परत आले. कारण मला वाटले की एवढीशी चिप आणि माझ्या मामांचा कान एकत्र आले तर आमच्याकडे पुन्हा कुणी पांढऱ्या कापडात वर येणार नाही. ते एकत्र आलेसुद्धा. ते आपल्या कपाटात आहे. बाहेरून कुणी आले असते, इंग्रजीत बोलले असते, तर आपण त्याच्यासोबत फोटो काढून घेतला असता. शिकवणारा अंगठेबहाद्दर आणि बांधणारी गावची बाई, म्हणून आपल्याला वाक्ये लागतात. मला याची चीड आली आहे आणि ती मी या अर्जात लपवणार नाही. सहा अर्जांत लपवली, त्याचा उपयोग झाला नाही.

१२. म्हणून आता मी विनंती करत नाही. पूर्वसूचना देते.

बुधवारी, १४ मे रोजी सकाळी दहा वाजता मी आपल्या कार्यालयात येईन. कपाट क्रमांक ४ ची दोन्ही सीले तोडीन. साखळी कापायची कात्री स्लिमानची आहे, पण कापीन मी. कासवाला तार जोडीन. कपाटाच्या डाव्या अंगाला भिंतीत जो विजेचा फलक आहे त्यावर आपली चहाची किटली असते, ती त्या दिवशी कृपया दुसरीकडे लावावी. तार सव्वादोन मीटर आहे, पुरते, मी अंदाज घेतला आहे.

सील तोडणे, सरकारी कामात अडथळा आणणे आणि विनापरवाना वीज वापरणे हे तिन्ही गुन्हे मला कबूल आहेत. ते मी आधीच लेखी कबूल करते, म्हणजे चौकशीत कुणाचा वेळ जाणार नाही. अटक करायला जितके जवान लागतील तितके आधीच बोलावून ठेवावेत. मी प्रतिकार करणार नाही. मला हाताला धरून नेले तरी चालेल, ओढून नेले तरी चालेल.

फक्त जवानांना एवढे समजावून सांगावे की मला ओढताना तार ओढू नये. पूर्ण दोन तास. बारा वाजेपर्यंत.

बुधवारी सकाळी दहापर्यंतच आपली नम्र,

मब्रूका बलबाली
क्सर तिंजेरात
रविवार, दि. ११ मे २०२५

सोबत :
१) बा बरका यांचा मृत्यूचा दाखला. मागची प्रत आपल्याकडे हरवली असे समजते, म्हणून या वेळी अर्जाला दोऱ्याने शिवला आहे.
२) आपल्या ८ मेच्या उत्तराची प्रत.
३) स्लिमानचे छायाचित्र. हे फाइलला लावू नये. शनिवारपर्यंत आपल्या टेबलावर ठेवावे.